स्पिंडल ऑइलचा एक थेंब

१० मार्च, रविवार. सकाळी ७

आजपासून लॉगबुक. सूतगिरणीत बत्तीस वर्षं मेन्टेनन्स सांभाळला. प्रत्येक मशीनचं लॉगबुक असायचं. (लिहायचा चांदसाहेब फिटर. सही माझी.) मी रिटायर झालो आणि वर्षभरात गिरणी बंद पडली. लोक योगायोग म्हणतात. म्हणोत.

तक्रार अशी: आमच्या मंडळींचा, म्हणजे राजेश्वरीचा लॅपटॉप तापतो, थरथरतो आणि गुरगुरतो. तिन्ही एकाच जागी, डाव्या तळव्याखाली. तिथे हार्ड डिस्क असते.

लॅपटॉप नऊ वर्षांचा. राजेश्वरी कुंडलच्या शाळेत शिकवायची तेव्हापासूनचा. शाळा सुटली की ही म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन बसायची. शेतातले, चुलीपुढचे जुने शब्द विचारायची, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायची. एकूण एक्केचाळीस म्हाताऱ्या. आता त्याचं पुस्तक होतंय. शब्दांची यादी साताऱ्याच्या प्रकाशकांना मेल केली आहे. आवाज मात्र सगळे या लॅपटॉपमध्ये, आणि पुस्तकाबरोबर ऐकायला द्यायचे म्हणून ते १ मेपर्यंत पोचवायचे आहेत. त्यात हिच्या आत्या मनुबाई पण आहेत. सगळ्यात जास्त शब्द त्यांचे. गेल्या दिवाळीत वारल्या.

राजेश्वरीचं म्हणणं, सांगलीला चांदसाहेबच्या मुलीचं, शाझियाचं, कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे, तिला दाखवू. मी म्हणालो, सूत कातायची चारशे चाळीस स्पिंडलची (चात्यांची) फ्रेम सांभाळलेल्या माणसाला एका स्पिंडलसाठी पोरीकडे जायची गरज नाही. हार्ड डिस्कमध्ये पण स्पिंडलच असतो. वाचलंय मी.

संकल्प: पंधरा दिवसांत उष्णता, कंपन, आवाज, तिन्ही शून्य.

१२ मार्च, मंगळवार

तपासणी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लॅपटॉपला, मूठ कानाला. बेअरिंग ओळखायची ही जुनी पद्धत. काहीही ऐकू आलं नाही. म्हणजे बेअरिंग ठणठणीत.

राजेश्वरी स्वयंपाकघरातून म्हणाली, मला इथपर्यंत घरघर ऐकू येते. हिला पूर्वीपासून नसलेले आवाज ऐकू येतात. शिवाय हल्ली ही फार हळू बोलते. दोनदा सांगून झालं.

तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं. ५४ डिग्री. खाली पिवळ्या चौकोनात इंग्रजीत ‘सावधान’ असं काहीतरी. सावधच आहोत.

पुण्याहून सृष्टीचा फोन. बाकी काही न विचारता, बाबा, आधी बॅकअप घ्या. तिला समजावलं की आमच्या गिरणीत स्टँडबाय मशीन नव्हतं, म्हणून माणसं आहे ते मशीन जपायची. ती म्हणाली, मी डिस्क पाठवते कुरियरने. आजच्या पिढीला आजारी माणूस दिसला की आधी फोटो काढून ठेवायचा असतो.

१५ मार्च, शुक्रवार

सृष्टीची डिस्क आली. हातभर खोक्यात बिस्किटाच्या पुड्याएवढी डबी.

इकडे माझं संशोधन पूर्ण. लॅपटॉपच्या पोटाखाली हवा खेळत नाही, म्हणून तापतो. मागची बाजू वीस मिलिमीटर उचलली पाहिजे. कॅरमच्या सोंगट्या लावल्या, घसरल्या. पुस्तक लावलं, हवा अडली. मग लक्षात आलं. सृष्टीची डबी प्लास्टिकच्या पिशवीसकट नेमक्या जाडीची आहे. दिली मागे लावून.

५२ डिग्री. दोन डिग्रीचा फायदा पहिल्याच दिवशी.

राजेश्वरीने विचारलं, अहो, ती डिस्क वापरलीत का? मी म्हणालो, कामाला लावली आहे. ती समाधानाने गेली. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१७ मार्च, रविवार

आज कंपन. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, पाण्यावर तरंग. हा पुरावा. लॅपटॉपखाली सोफ्याची उशी दिली. तरंग गायब! मशीन फाउंडेशन हा माझा हातखंडा विषय.

दुपारी ४: ६१ डिग्री. लॅपटॉप आपोआप बंद पडला. सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय असा संशय.

४.१०: तळवा भाजला. सॉफ्टवेअर अंदाजे बरोबर आहे.

२१ मार्च, गुरुवार

उशी रद्द. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून चार कोपऱ्यांना लावल्या. एक चकती जाड झाली, त्यामुळे लॅपटॉप तीन पायांवर उभा राहतो आणि चौथ्यावर नाचतो. टाइप करताना राजेश्वरीला बोटीत बसून मळमळल्यासारखं वाटतं म्हणे. मी म्हणालो, सवय होईल.

संध्याकाळी चांदसाहेब आला. पंचवीस वर्षं माझ्या हाताखाली होता. चांगला फिटर, पण विचार करायची सवय नाही, आधी हातच घालतो. तो टेबलाला पंजा लावून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “साहेब, ह्यो लॅपटॉप न्हाई हालत. पलीकडच्या शेडमदले माग चालू हायत, त्याच्यानं भित हालतीया आन् भितीला टेबल लागलंय.”

मी हसलो. मागाचा आवाज मला येतच नाही, मग हादरा कुठून येणार?

तो म्हणाला, “आवं, तुमास्नी न्हाई येत, पर त्येला येतोय की.” आणि जाताना म्हणाला, शाझियाला दावा एकदा.

२२ मार्च, शुक्रवार

रात्रभर स्वतंत्र विचार करून टेबल समोरच्या भिंतीला हलवलं. कंपन निम्मं. माझा अंदाज बरोबर निघाला.

२६ मार्च, मंगळवार. दुपार

बाहेर चाळीस डिग्री. लॅपटॉपचं काय चुकलं मग? सगळ्यांनाच गरम होतंय. हॉलमधला कूलर ओढत आणून लॅपटॉपच्या तोंडाशी लावला.

४९ डिग्री!!

आवाज पूर्ण बंद. कूलर चालू असताना हार्ड डिस्कचं काहीही ऐकू येत नाही. राजेश्वरीला बोलावून दाखवलं. ती काहीतरी म्हणाली. कूलरमुळे ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून कौतुक असावं.

नंतर कळलं, ती म्हणत होती की कीबोर्डवर पाणी उडतंय.

पंधरा दिवसांची मुदत काल संपली. होळीची सुट्टी धरली तर अजून शिल्लक आहे.

२ एप्रिल, मंगळवार

राजेश्वरीने कूलर बंद करून मनुबाईंची एक फाइल लावली. उघडायला साडेचार मिनिटं. मध्ये मध्ये आवाज तुटत होता. ती म्हणाली, आत टक्... टक्... असं वाजतंय, घड्याळासारखं. मला नाही आलं.

मग तिने कीबोर्डवरचा हात काढला, माझ्याकडे वळली आणि विचारलं, “अहो, सगळ्याची कॉपी आहे ना आपल्याकडे?”

मी म्हणालो, आहे.

उद्या घेणारच आहे. म्हणजे आहेच. एका दिवसाचा फरक.

३ एप्रिल, बुधवार

कॉपी घ्यायला डबी काढली तर लॅपटॉपची मागची बाजू खाली बसली आणि तापमान चढलं. डबी लॅपटॉपला जोडायची आणि त्याच वेळी त्याच्या खालीही ठेवायची, तर वायर आखूड (पिशवीतूनच दिसते). डिझाइनमधलाच दोष. डबी परत खाली सरकवली. आधी मशीन दुरुस्त, मग कॉपी. गरम मशीनवर लोड टाकायचा नसतो, हे पहिल्या वर्षाचा अप्रेंटिसही सांगेल.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

नवीन वर्षाचा संकल्प: राजेश्वरीशी पूर्ण पारदर्शकता.

श्रीखंडाचा डबा काढताना फ्रीजमध्ये डोकं गेलं आणि सुचलं. थंड करायचं तर वारा कशाला, बर्फच. गुडघ्याला लावायची निळी जेलची पिशवी गोठवून डिस्कच्या खाली बांधली. ३१ डिग्री. एकतीस! जगात कुणाची हार्ड डिस्क पाडव्याला एकतीसवर नसेल.

संध्याकाळी पोटाखाली थेंब थेंब पाणी. लॅपटॉपला घाम फुटला असं राजेश्वरीला म्हणालो. ती हसली नाही. लॅपटॉपला का घाम फुटेल, म्हणाली. पारदर्शकता उद्यापासून.

१३ एप्रिल, शनिवार

लॅपटॉप सुरू होतो, बंद होतो, सुरू होतो. राजेश्वरीने त्याला हात लावणं सोडलं आहे. सकाळी म्हणाली, “मी शाझियाला फोन करू का? तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर मी एकटी जाते.”

कमीपणा! मला! मी म्हणालो, दोन दिवस दे. तू शिरवळहून येशील तेव्हा लॅपटॉप नव्यासारखा असेल. शिरवळला तिच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न आहे, उद्या सकाळी निघते. मला गुडघ्यामुळे जमणार नाही.

गुडघा आता बराच बरा आहे.

१४ एप्रिल, रविवार. सकाळी ११

ती गेली. टेबल मोकळं. स्वच्छ पंचा अंथरला. हार्ड डिस्क बाहेर काढली. तळहाताएवढी वस्तू, आणि हिने महिनाभर एवढा गोंधळ घातला.

निदान पक्कं: बेअरिंग कोरडं पडलंय. कोरडं बेअरिंग तापतं, थरथरतं आणि वाजतं. तीन रोग, कारण एक. मी हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

झाकणावर स्टिकर आहे. इंग्रजीत, उघडू नका, उघडल्यास जबाबदारी आमची नाही. अशी स्टिकरं आमच्या प्रत्येक मशीनवर होती. ती अडाणी ऑपरेटरसाठी असतात.

११.४०: झाकण निघालं. आत आरसा. खरोखर आरसा! गोल, गुळगुळीत, त्यात माझा चेहरा दिसला. मशीन असं असावं. चकतीवर एक धुळीचा कण होता, तो अंगठ्याने पुसला. अंगठ्याचा ठसा उमटला, तो पंचाच्या टोकाने पुसला. पंचाचा धागा राहिला, तो फुंकरीने उडवला.

१२.०५: गिरणीतून येताना आठवण म्हणून आणलेली स्पिंडल ऑइलची बाटली अजून होती. मधोमध एक थेंब. एकच. उगाच जास्त तेल घालणाऱ्यातला मी नाही.

१२.०७: एक थेंब कमी वाटला.

१२.३०: झाकण बंद. सहाही स्क्रू आवळले. एक उरला, म्हणजे सातवा जादाच होता. लॅपटॉप चालू केला.

१२.४०: हात लावला, गार. ग्लास ठेवला, पाणी स्थिर. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, शांत.

उष्णता शून्य. कंपन शून्य. आवाज शून्य. तिन्ही उद्दिष्टं एका दिवसात. सृष्टीला मेसेज टाकला: मिशन सक्सेस.

१२.५५: स्क्रीनवर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आहे. लॅपटॉपला हार्ड डिस्क सापडत नाही म्हणे. समोर तर आहे.

१५ एप्रिल, सोमवार

नऊ वेळा बंद-चालू केलं. हार्ड डिस्क सापडत नाही. फ्रीजमध्ये ठेवून काढली. उन्हात ठेवून काढली. डाव्या हाताने हलकेच टपली मारली.

संध्याकाळी राजेश्वरी आली. लग्नातले लाडू, चिवडा. झालं का, म्हणाली. मी म्हणालो, सर्व्हिसिंगच्या शेवटच्या टप्प्यात आहे. आवाज? तिने विचारलं. मी म्हणालो, एकदम बंद.

१६ एप्रिल, मंगळवार

भाजी आणायला म्हणून डिस्क पिशवीत घालून सांगलीला शाझियाच्या दुकानात. चांदसाहेब पण तिथेच बसलेला. दुसरीकडे कुठे बसत नाही का हा माणूस?

शाझियाने डिस्क उजेडाकडे धरली. झाकणाच्या फटीतून तेल आलं होतं. मग विचारलं, “काका, हे उघडलं कुणी?”

मी म्हणालो, जुनी वस्तू आहे, कुणी उघडली असेल.

“आणि तेल?”

कंपनीतूनच येत असेल, मी म्हणालो.

चांदसाहेबाने पुढे होऊन बोटाला लावून वास घेतला. नको होतं त्याने करायला. म्हणाला, “साहेब, ह्यो आपल्या गिरणीचा वास हाय.”

शाझियाने आत नेऊन झाकण काढलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा डॉक्टरसारखा होता. म्हणाली, काका, नुसती टकटक होती तेव्हा आणली असती तर बहुतेक सगळं काढून दिलं असतं. आता चकत्यांवर तेल आहे, आणि चालू केल्यावर चरे पडलेत. मी मोठ्या शहरातल्या लॅबलाही विचारते, पण खोटी आशा दाखवत नाही. मग म्हणाली, सृष्टीताईने डिस्क पाठवली होती म्हणे, त्यात असेलच ना?

ती डबी पण पिशवीतच होती. चुकून आली. शाझियाने हातात घेतली. अजून सील होतं. मागच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा डाग.

तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की हवा खेळायला.

भाजी आणायची राहिली.

१८ एप्रिल, गुरुवार

सांगायचा सराव. पहिला मसुदा: “राजेश्वरी, तांत्रिक कारणांमुळे.” दुसरा: “राजेश्वरी, आजकालच्या वस्तू टिकाऊ नसतात.” तिसरा: “राजेश्वरी.” तिसरा बरा वाटला, पण पुढचं सुचलं नाही.

ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, काय पुटपुटताय. मी म्हणालो, स्तोत्र.

२० एप्रिल, शनिवार

लॅबचा निरोप आला. नाही.

चांदसाहेब घरी आला, दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. “साहेब, तुमी सांगताय का मी सांगू? वैनींच्या समोर मला रोज जाता येईना झालंय.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला मुदत दिली. उद्या सकाळपर्यंत.

२१ एप्रिल, रविवार

सांगितलं. मसुदा कुठलाच आठवला नाही. तेल घातलं, कॉपी नाही, असं एका दमात.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो, मग बरोबरी झाली असती. ती पालक निवडत होती. हात थांबला. एवढंच विचारलं, “मनुआत्या पण?”

मी म्हणालो, सगळ्याच.

तिने निवडलेला पाला आणि देठ एकत्र करून टाकले. परत निवडायला घेतले. मग म्हणाली, “मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं.”

मी लॉगबुक काढून बघितलं. तिने दोनदाच विचारलं होतं. तसं सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. सांगितलं नाही. वहीत सगळं लिहिलेलंच असतं असं नाही. तिसऱ्यांदा कूलर चालू असताना विचारलं असेल.

जेवण झालं नाही. मी चिवडा खाल्ला. लग्नातला.

२२ एप्रिल, सोमवार

प्रकाशकांना तिनेच फोन केला. माझं नाव घेतलं नाही. लॅपटॉप बिघडला, म्हणाली. हे तिचं मला अजिबात आवडलं नाही. घेतलं असतं नाव तर मला चिडता आलं असतं. त्यांनी महिनाभर मुदत वाढवून दिली.

तिने एक्केचाळीस नावं कागदावर लिहिली. ज्या गेल्या त्यांच्यापुढे फुली. राहिल्या एकोणीस.

२४ एप्रिल, बुधवार

उद्या राजेश्वरी आणि शाझिया कुंडलला. फोनवरच रेकॉर्ड करणार, आणि प्रत्येक फाइल तिथल्या तिथे तीन ठिकाणी ठेवणार. शाझिया दोन दिवस दुकान बंद ठेवतेय. चांदसाहेब रिक्षा घेऊन बरोबर.

मी तांत्रिक सल्लागार म्हणून तयारी दाखवली. रेकॉर्डिंगला कंपन आणि आवाज या दोनच अडचणी असतात आणि दोन्ही माझे विषय. राजेश्वरी म्हणाली, नको. मी म्हणालो, निदान पिशव्या धरतो. ती म्हणाली, तुम्ही घरी थांबा. शांतपणे म्हणाली, पण मला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

२६ एप्रिल, शुक्रवार

आल्या. एकोणिसातल्या चौदा भेटल्या. दोघींना आता बोलता येत नाही. एक मुलाकडे गेली आहे. दोघी दार उघडून नुसत्या हसल्या म्हणे, ओळख लागली नाही.

राजेश्वरी थकलीय, पण चौदाजणींचं ऐकवलं. चांगलं आहे. मनुबाईंचे शब्द त्यातल्या एकीलाही पूर्ण येत नाहीत. यादीत अर्थ आहेत, पण मनुबाई ते कसे म्हणायच्या ते आता कुठेच नाही.

माझं म्हणणं आहे की अर्थ महत्त्वाचा. हे तिला सांगितलं नाही. प्रगती आहे.

२८ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६

सकाळी सृष्टीचा फोन. तिच्या जुन्या मोबाइलमध्ये मनुबाईंची एक क्लिप सापडली. तीन वर्षांपूर्वी राजेश्वरीने सहज पाठवलेली. सात मिनिटांची. ‘शिवळ’ या शब्दाची. सृष्टी रडत होती, राजेश्वरीही. मी देवापुढे दिवा लावला. काही झालं तरी मशीनं शेवटी माझी लाज राखतात.

दुपारी चांदसाहेब आणि शाझियाला बोलावलं. चहा ठेवला. सगळे बसल्यावर राजेश्वरीने फोन मोठ्या आवाजावर टीपॉयवर ठेवला.

आधी राजेश्वरी विचारते, आत्या, शिवळ म्हणजे काय गं? मग मनुबाई. तोच खरखरीत आवाज. “शिवळ म्हंजी बग, जू आसतंय का न्हाई, त्या जुवाला...”

मग मी.

मी म्हणतो, थांबा थांबा, मी सोप्या भाषेत सांगतो. शिवळ म्हणजे पिन. आमच्या गिरणीत कपलिंगला पिन असते. मग कपलिंग सांगतो. कपलिंगवरून शाफ्ट. शाफ्टवरून बेअरिंग. एकदा बेअरिंग तापलं होतं आणि मी ते नुसत्या कानाने कसं ओळखलं, ते सांगतो. (ते चांदसाहेबाने ओळखलं होतं. तो समोर बसून चहात बघत होता.) मध्ये दोनदा मनुबाई “तसं न्हवं रं बाबा” म्हणतात. मी थांबत नाही. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल.

शेवटी मनुबाई म्हणतात, “आगं राजे, ह्येला जरा भाईर घिऊन जा. माजं सांगायचं ऱ्हायलंच.” आणि क्लिप संपते.

शाझिया हळूच म्हणाली, काकू, यातला मधला आवाज काढून टाकता येईल.

मी म्हणालो, हो, पंख्याचा फार आहे.

शाझिया म्हणाली, पंख्याचा नाही, काका.

राजेश्वरी हसली. आठवडाभरात पहिल्यांदाच. मग हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मी चहाचे कप उचलून बाहेर आलो. पायरीवर बसून लिहितोय. आत त्यांनी क्लिप परत लावली आहे. इथपर्यंत माझं सगळं स्पष्ट ऐकू येतंय, कपलिंग, शाफ्ट, बेअरिंग.

मनुबाईंचं इथून ऐकू येत नाही.